जेवणानंतरचं 'अप'

मराठी माणसाला इंग्रजीतल्या मोठ्या शब्दांची भीती कधी वाटली नाही. तर्खडकरांची भाषांतरमाला घोकून पिढ्यान्‌पिढ्या सरकारी नोकरीला लागल्या आणि 'नॉटविथस्टँडिंग'सारखा आगगाडीएवढा शब्द अर्जात बिनदिक्कत वापरत्या झाल्या. माणूस अडतो तो 'अप', 'ऑफ', 'आउट', 'इन' असल्या दोन-तीन अक्षरांच्या चिल्लर शब्दांपाशी. 'गिव्ह' म्हणजे देणे, इथवर ठीक. पण 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे, 'गिव्ह इन' म्हणजे नमते घेणे आणि 'गिव्ह आउट' म्हणजे यंत्राने ऐन वेळी राम म्हणणे. यात 'देणे' कुठे राहिलं ते देवाला ठाऊक. असल्या जोडक्रियापदांची इंग्रजीत हजारांनी भरती आहे, आणि ती शिकवण्याचा सरळ मार्ग आजवर कुठल्याही मास्तरांना सापडलेला नाही.

यातलं माझं आवडतं क्रियापद म्हणजे 'वॉश अप'. धुण्याशी संबंध आहे एवढं कळतं. काय धुवायचं, ते मात्र तुम्ही अटलांटिक महासागराच्या कोणत्या काठावर उभे आहात यावर अवलंबून आहे. इंग्लंडमध्ये 'वॉश अप' म्हणजे जेवणानंतर भांडी धुणे. अमेरिकेत 'वॉश अप' म्हणजे मुख्यतः जेवणाआधी स्वतःचे हात-तोंड धुणे. म्हणजे शब्द तेच, पण एकीकडे ते पानावरून उठवतात आणि दुसरीकडे पानावर बसवतात.

आमच्या नात्यातला एक मुलगा लीड्सला शिकला आणि पुढे नोकरीसाठी ओहायोत गेला. तिथे एका घरी जेवायला बोलावणं आलं. यजमानीणबाई म्हणाल्या, वॉश अप करून घे, दहा मिनिटांत जेवायला बसू. लीड्सच्या संस्कारात वाढलेला हा मुलगा बाह्या सरसावून थेट सिंकपाशी गेला आणि स्वयंपाकात वापरलेली पातेली घासायला लागला. जेवणाआधीच भांडी घासून घेणं ही भारतीय पाहुणचाराची रीत असावी, अशी त्या घराची समजूत झाली. मुलगा पुढेही त्यांच्याकडे आग्रहाने बोलावला जात असे, हे सांगायला नकोच.

अमेरिकन अर्थ आपल्याला परका वाटत नाही. बाहेरून आलेल्या पोराला आई दारातच सांगते, "आधी हातपाय धुऊन ये." तिथे पाय वगळले आहेत, एवढाच फरक. खरी गंमत ब्रिटिश अर्थात आहे. आपल्याकडे ते एक काम नाहीच. आधी उष्टी काढायची, मग खरकटं काढायचं, मग भांडी घासायची, मग विसळायची, मग पालथी घालायची, निथळली की पुसायची आणि शेवटी फळीवर किंवा मांडणीत लावायची. प्रत्येक पायरीला वेगळं क्रियापद, आणि पूर्वीच्या मोठ्या घरांत तर प्रत्येक क्रियापदाला वेगळं माणूस. घासणारीने घासायचं, विसळणारीने विसळायचं. दोघींत वाद झाला तर तो बहुधा पातेल्याच्या बुडाशी राहिलेल्या काळ्या डागावरून. हा सगळा कारभार इंग्रजीने 'वॉश अप' या दोन शब्दांत कोंबला. आपण जेवून उठावं आणि ज्याने कधी घासणी हातात धरली नाही त्याने म्हणावं, "चार भांडी तर आहेत!", तसा काहीसा सूर त्यात मला ऐकू येतो.

त्यातला 'अप' तर निव्वळ बनवाबनवीचा आहे. त्याचा 'वर' या दिशेशी काही संबंध नाही. 'ईट अप' म्हणजे पानात काही टाकू नकोस, 'ड्रिंक अप' म्हणजे पेला रिकामा कर, 'यूज अप' म्हणजे वापरून संपव. हा 'अप' काम तडीस नेणारा आहे. नुसतं 'वॉश' म्हटलं की धुण्याची क्रिया. 'अप' लागला की ओटा रिकामा झाला पाहिजे, सिंक दिसलं पाहिजे.

परदेशी माणसाला आपण हसण्यात अर्थ नाही, कारण हा उद्योग आपणही करतो आणि चोरून करतो. "ताट धुऊन टाक" असं एखाद्या फ्रेंच पाहुण्याला सांगून पाहा. शब्दकोश उघडून तो ताट धुईल आणि खिडकीतून टाकेल. 'विसरून बसलो' म्हणताना कुणी बसत नाही आणि 'रडून घेतलं' म्हणताना कुणी काही घेत नाही. व्याकरणकारांनी यांना संयुक्त क्रियापदं असं भारदस्त नाव दिलं आहे. पण आपली ही शेपटं इंग्रजी 'अप'पेक्षा जास्त चहाडखोर आहेत. 'धुऊन टाक' यात घाई आहे, थोडा वैतागही आहे. 'धुऊन ठेव' यात संध्याकाळी पाहुणे यायचे आहेत. 'धुऊन घे' म्हणजे तुझं तू. 'धुऊन दे' म्हणजे काम तुझं, फायदा दुसऱ्याचा. 'धुऊन काढ' म्हटलं की मळ चिवट असतो, किंवा मग समोरचा गोलंदाज नवखा असतो. मराठी क्रियापदाचं शेपूट पाहून ते काम कुणासाठी चाललंय हे ओळखता येतं. इंग्रजीतला 'अप' फक्त काम संपलं एवढं सांगतो. कुणी केलं, कुणासाठी केलं, याबद्दल तो सभ्यपणे मौन पाळतो. आणि घरोघरी भांडण होतं ते नेमकं त्याच गोष्टीवरून.

प्रत्यक्ष ब्रिटिश 'वॉशिंग अप' पाहणं हा मराठी डोळ्यांना एक धक्काच असतो. सिंक आहे, नळ आहे, नळाला गरम पाणी आहे. तरी सिंकच्या आत प्लास्टिकची एक चौकोनी टोपली ठेवलेली. ती पाण्याने भरायची, त्यात साबणाचे चार थेंब टाकायचे, फेस काढायचा आणि त्या एकाच पाण्यात सगळी मंडळी क्रमाने उतरवायची. आधी काचेचे पेले, मग काटे-चमचे, मग बशा, आणि शेवटी तेलकट तवे-पातेली. क्रमात शहाणपण आहे हे मान्य. पण पुढे काय होतं? भांडं त्या फेसातून वर येतं आणि पुष्कळ घरांत तसंच, फेसासकट, रॅकमध्ये उभं राहतं. विसळणं नाहीच. फेस आपोआप ओघळतो, उरलेला टॉवेलने पुसला जातो. ज्या संस्कृतीत खरकट्याचा हात पाण्याच्या माठाला लागला तर घर डोक्यावर घेतात, त्या संस्कृतीतून आलेल्या बाईला हे पाहून काय वाटत असेल! मुलाकडे लंडनला गेलेल्या कितीतरी आया सुनेची वा शेजारणीची पाठ वळली की सगळी भांडी गुपचूप पुन्हा वाहत्या पाण्याखाली धरतात. खरकटं या शब्दाला इंग्रजीत प्रतिशब्द नाही, त्याचं कारण त्या टोपलीत आहे.

तरीही त्यांच्या या कामात एक गोष्ट फार छान आहे. ते दोघांनी करायचं असतं. एकाने धुवायचं, दुसऱ्याने पुसायचं. पुसणाऱ्याच्या हाती दिला जाणारा तो चौकटीचा किंवा चित्रांचा टॉवेल म्हणजे घरातल्या जवळिकीची खूण असते. पाहुण्याच्या हाती कुणी टॉवेल देत नाही. ज्या दिवशी तो दिला जातो, त्या दिवशी तुम्ही घरचे झालात. तोंडाला तोंड नसल्यामुळे, दोघांचीही नजर बशीवर असल्यामुळे, समोरासमोर न बोलता येणाऱ्या गोष्टी तिथे बोलल्या जातात. आपल्या मोरीत हे जमत नाही. मोरीत एकालाच जेमतेम बसायला जागा असते, आणि तिथलं संभाषण भांड्यांच्या आदळआपटीतून चालतं. घरातली बाई आज कुणावर रागावली आहे हे बाहेरच्या खोलीत बसून पातेल्याच्या आवाजावरून सांगणारे पुरुष आहेत. उठून मदत करणारे त्या मानाने कमी.

या विषयावर पुरुषाने लिहिलेलं मला माहीत असलेलं सर्वांत कळकळीचं लेखन जॉर्ज ऑर्वेलचं आहे. बिहारमधल्या मोतीहारीला १९०३ साली जन्मलेला हा माणूस हुकूमशाहीवरच्या दोन कादंबऱ्यांमुळे जगाला माहीत झाला. पण भांड्यांच्या बाबतीत त्याचा अधिकार पुस्तकी नव्हता. तरुणपणी पॅरिसमध्ये खिसा पार रिकामा झाल्यावर त्याने एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात भांडी घासण्याची नोकरी केली. फ्रेंचमध्ये अशा माणसाला 'प्लाँजर' म्हणतात. त्याचा दुसरा अर्थ पाणबुड्या. पाण्यात दिवसभर बुडून राहायचं, तर नाव समर्पकच. १९३३ साली आलेल्या त्याच्या पहिल्या पुस्तकात या तळघराचं वर्णन आहे: उकाडा, शिव्यागाळी, तेलकट पाणी, आणि एका दाराच्या पलीकडे झुंबरांखाली जेवणारी टापटिपीची गिऱ्हाइकं. ते वाचल्यावर हॉटेलातली चकचकीत बशी पाहून माणूस जरा चाचरतो.

हाच ऑर्वेल १९४५च्या फेब्रुवारीत, महायुद्ध अजून संपायचं असताना, 'ट्रिब्यून' साप्ताहिकातल्या आपल्या स्तंभात घरच्या वॉशिंग अपवर घसरला. त्याचा मुद्दा असा, की समुद्राखालून जाणाऱ्या आणि ढगांतून उडणाऱ्या माणसाला ही रोजची कटकट संपवायची बुद्धी का होऊ नये? आणि उपाय काय सुचवावा या समाजवाद्याने? नगरपालिकेची गाडी. रोज सकाळी गाडी दारात थांबेल, तुमच्या खरकट्या भांड्यांची पेटी घेऊन जाईल आणि धुतलेल्या भांड्यांची पेटी देऊन जाईल. भांड्यांवर तुमच्या नावाची आद्याक्षरं घातलेली असतील, म्हणजे अदलाबदल नको.

ही योजना वाचून मी बराच वेळ आपल्याकडच्या कचऱ्याच्या गाडीचा विचार करत बसलो. ती गाडी गाणं वाजवत येते, गाणं संपायच्या आत निघून जाते आणि आपण हातात डबा घेऊन जिन्यात अर्ध्यावर असतो. त्याच धर्तीवर भांड्यांची गाडी आली तर? "आज भांड्यांची गाडी येणार नाही, संप आहे," या बातमीने शहरात काय हलकल्लोळ उडेल! भांड्यांवर नावं घालण्याची कल्पना मात्र आपल्याला नवी नाही. लग्नात आलेल्या स्टीलच्या पेल्यावर नाव आणि तारीख ठिपक्या-ठिपक्यांनी कोरून घेणारा समाज आहे आपला. ऑर्वेलला हवी असलेली निम्मी यंत्रणा आपल्या माळ्यावर तयार आहे. फक्त गाडी यायची बाकी आहे. तरीही शेजारणीची वाटी आपल्याकडे आणि आपला डाव तिच्याकडे, हा व्यवहार नावं असूनही अबाधित चालतो. म्हणजे नगरपालिकेचं काही खरं नाही.

यंत्राची वाट एका बाईने ऑर्वेलच्याही पुष्कळ आधी शोधली होती. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात शेल्बीव्हिल नावाच्या गावी जोसेफीन कॉक्रेन नावाच्या श्रीमंत बाई राहत. घराण्यात चालत आलेली चिनी मातीची नाजूक भांडी नोकरांच्या हातून धुताना टवके उडून खराब होत. बाईंना टवक्यांचा राग होता. नवरा वारला, मागे कर्ज उरलं, आणि ज्या यंत्राचा विचार हौसेपोटी चालला होता तो पोटापाण्याचा झाला. १८८६च्या डिसेंबरात त्यांना भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट मिळालं. १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते यंत्र लोकांनी पाहिलं. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले हे आपल्या शाळांत शिकवतात. त्याच शहरात भांड्यांचा मोक्ष तयार होत होता हे कुणी सांगत नाही. यंत्र विकत घेतलं ते हॉटेलांनी. घराघरात ते पोचायला पुढची कित्येक दशकं लागली, कारण त्याला लागेल एवढं गरम पाणी घरात नव्हतं. दुसरं कारण उघड आहे: घरात ते काम फुकट होत होतं.

आपल्याकडे डिशवॉशरला भाव आला तो २०२० सालच्या टाळेबंदीत. कामाच्या मावशींचं येणं बंद झालं आणि इतके दिवस 'कशाला हवंय ते धूड' म्हणणाऱ्या घरांनी यंत्रासाठी नंबर लावले. अनेक पुरुषांना त्या काळात आपल्या घरात नेमके किती चमचे आहेत याचा शोध लागला. एकदा भांडी घासली की चार जणांना फोटो पाठवायचा, अशीही साथ आली होती. त्यांच्या बायकांनी तीस-तीस वर्षं असा एकही फोटो काढला नव्हता, हा भाग अलाहिदा.

देवाने मात्र हे काम कमी मानलं नाही. युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञात श्रीकृष्णाने उष्ट्या पत्रावळी उचलल्या, ही कथा आपले कीर्तनकार रंगवून सांगतात, आणि बायकांच्या बाजूने त्या वेळी हमखास टाळ्या येतात. पण बारकाईने ऐका: पत्रावळी. उचलायच्या, टाकायच्या, गाय खाणार. घासणं नाही, विसळणं नाही, कढई तर नाहीच. यज्ञातल्या हंडे-पातेल्यांचं काय झालं याबद्दल सगळ्या परंपरा गप्प आहेत.

ऑर्वेलच्या प्रश्नाचं खणखणीत उत्तर प्रत्यक्षात आणलं ते आपल्या वर्ध्याजवळ. १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला राहायला गेले. तिथला नियम साधा होता: जेवलेलं ताट ज्याचं त्याने धुवायचं. ना गाडी, ना यंत्र, ना प्लाँजर. देशातले मोठमोठे पुढारी तिथे येत आणि आपापलं ताट घेऊन पाण्यापाशी उभे राहत. 'धुऊन घे' या क्रियापदाचा एवढा काटेकोर अर्थ दुसऱ्या कुणी लावलेला मला माहीत नाही. पुढे १९४९ साली ऑर्वेलने गांधीजींवर एक गाजलेला निबंध लिहिला. त्यात त्याने त्यांचं साधुत्व उलटसुलट तपासून घेतलं, पण ताटांच्या व्यवस्थेबद्दल तो काही बोलला नाही. गाडीची योजना मांडणाऱ्या माणसाने निदान तेवढा एक प्रश्न विचारायला हवा होता असं मला वाटतं. अर्थात सेवाग्रामच्या नियमातही एक पळवाट उरतेच. ताट ज्याचं त्याचं. पण आमटीचं पातेलं कुणाचं?

'वॉश अप'चे बाकीचे अर्थ मी वरवर सांगतो, कारण त्यांत मला तितकी गोडी नाही. समुद्राने एखादी वस्तू किनाऱ्यावर आणून टाकली, तर तेही 'वॉश अप'. पावसाळ्यात मुंबईचा समुद्र हे काम फार निष्ठेने करतो. वर्षभर आपण जे जे त्याच्या पोटात घातलं ते ते भरतीला परत. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर साठलेला हा ऐवज हटवायला अफरोज शाह नावाच्या वकिलांनी २०१५ साली सुरुवात केली, लोक जोडले, आणि पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला. समुद्र वॉश अप करतो आणि माणसाला क्लीन अप करावं लागतं, एवढं शिकलं तरी 'अप'चा अर्धा धडा झाला. 'वॉश्ड अप' नट म्हणजे ज्याचे दिवस सरले तो; त्याचा धुण्याशी संबंध एवढाच, की निर्मात्यांनी हात धुतलेले असतात.

ब्रिटनच्या संसदेतही 'वॉश-अप' असतो. निवडणूक जाहीर झाली की सभागृह बरखास्त होण्याआधीच्या काही दिवसांत पडून राहिलेली विधेयकं सरकार आणि विरोधक मिळून भराभर हातावेगळी करतात, त्याला हे नाव. २०२४च्या मे महिन्यात ऋषी सुनक यांनी पावसात भिजत निवडणूक जाहीर केली, आणि दोनच दिवसांत हा वॉश-अप उरकला. पोस्टाच्या सदोष संगणकप्रणालीमुळे चोर ठरलेल्या पोस्टमास्तरांची शिक्षा रद्द करणारा कायदा त्यात पार पडला; तरुण पिढीला सिगारेट विकण्यावर बंदी घालणारं विधेयक राहून गेलं. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी गोंधळात धडाधड विधेयकं मंजूर होणं आपल्याला नवीन नाही. आपल्याकडे त्याला वेगळं नाव पडलं नाही, एवढंच.

पण त्या संसदीय वॉश-अपमध्ये घरच्या वॉश-अपचं सगळं मर्म आलं आहे असं मला वाटतं. सोपं ते पटापट धुऊन होतं. अवघड ते मागे राहतं. पेले झाले, चमचे झाले, ताटं झाली. 'अप' झालं असं जाहीर करून माणूस हात पुसतो, आणि ओट्याच्या कोपऱ्यात कढई असते. बुडाशी खरवड धरलेली, कडेला तेलाचा काळा थर. तिला आज कुणी हात लावत नाही. तिच्यात पाणी ओतून, वर साबणाचे चार थेंब टाकून, ती 'भिजत घातली' जाते. इंग्रजही असंच करतात. त्यांच्याकडेही पातेलं भिजायला ठेवून माणूस टीव्हीपुढे जातो. या एका बाबतीत पूर्व आणि पश्चिम यांचं पूर्ण एकमत आहे. भिजत घालणं म्हणजे काम टाळणं नव्हे, सुरू करणं होय, असा त्यामागचा कायदेशीर युक्तिवाद असतो. सकाळपर्यंत पाणी गार होतं, तेल वर गोठतं, आणि मग स्वयंपाकघरातून आवाज येतो.

"कढई कुणी ठेवली आहे अशी?"

"मी भिजत घातलीय."

"कधी?"

"काल रात्री."

"मग?"

"भिजू दे की जरा अजून."